ब्रश विजेचा, पण हात कोणाचा?

परवा ओपीडी संपता संपता आमचे एक जुने पेशंट, निवृत्त मास्तर, हातात खोके घेऊन आले. मुलाने पुण्याहून विजेवर चालणारा टूथब्रश पाठवला होता. ‘‘डॉक्टर, हा गोल डोक्याचा आहे. मुलगा म्हणतो, याच्या चौपट किमतीचा एक थरथरणारा मिळतो, तो पाठवू का?’’

मास्तरांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाल्यापासून उजव्या हातात पकड नाही. हिरड्यांतून रक्त येते म्हणून सहा महिने त्यांनी ब्रश सोडून बोटानेच पेस्ट फिरवायला सुरुवात केली होती. मी दंतवैद्य नाही, साधा एमबीबीएस आहे. पण अशी तोंडे रोज पाहतो, म्हणून चार शब्द लिहितो.

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिल्यात छोटे गोल डोके उलटसुलट फिरते. दुसऱ्यात लांबट डोके अतिशय वेगाने थरथरते. त्याला ‘सोनिक’ म्हणतात. पुरावा पहिल्याच्या बाजूने किंचित जास्त आहे, पण फरक एवढा लहान की त्यासाठी चौपट पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

मग साधा ब्रश टाकून द्यायचा का? कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर विजेच्या ब्रशने दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशपेक्षा सुमारे २१ टक्के, तर हिरड्यांची सूज ११ टक्के कमी झालेली आढळली. फायदा खरा आहे, पण जादू नव्हे. ज्याचा हात धड आहे, त्याने मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट घेऊन दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे नीट दात घासले, तर त्याचे काही अडत नाही. आपल्यापैकी किती जण दोन मिनिटे घासतात, हे ज्याचे त्याने घड्याळ लावून पाहावे!

माझ्या मते या यंत्राचा खरा हक्कदार मास्तरांसारखा माणूस आहे. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेला विजेचा ब्रशही मुळात हाताची हालचाल नीट नसलेल्या आणि दातांना तारा बसवलेल्या रुग्णांसाठीच होता. घासण्याचे काम ब्रश करतो; आपण तो एकेका दातावर, हिरडीच्या कडेला नुसता टेकवायचा. ते डाव्या हातानेही जमते. संधिवात, कंपवात असलेल्यांना, तसेच अंथरुणावरच्या माणसाचे दात घासून देणाऱ्या सुनेला किंवा मुलीला हा ब्रश मोठा आधार आहे.

घेताना एवढेच पाहा. तंतू मऊ असावेत. मूठ जाड, पण वजनाला हलकी असावी. दोन मिनिटे झाल्याचा इशारा देणारा टायमर असावा आणि जोर जास्त पडला तर सूचना मिळावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साधारण तीन महिन्यांनी बदलायचे डोके सहज मिळते का आणि केवढ्याला, हे आधी विचारा. अन्यथा ब्रश कपाटात पडून राहतो.

आणखी दोन गोष्टी. तंबाखूची मिश्री लावणाऱ्याला कोणताही ब्रश वाचवू शकत नाही; तोंडाच्या कर्करोगाचा धोका तसाच राहतो. आणि दातांवर घट्ट बसलेले किटण यंत्राने निघत नाही, ते दंतवैद्यानेच काढावे लागते. ‘‘किटण काढले की दात हलतात’’ ही समजूत चुकीची आहे. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते झाकलेले असते एवढेच. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणेही अवघड जाते. म्हणून रक्त येते म्हणून ब्रश सोडू नका. रक्त येते म्हणूनच दंतवैद्याकडे जा.

मास्तरांना मी सांगितले, ‘‘हाच ठेवा. महागडा मागवू नका, त्या पैशांत किटण काढून घ्या.’’ ब्रश त्यांनी डाव्या हाताने सुरू केला आहे. दंतवैद्याकडे मात्र अजून गेलेले नाहीत. मास्तर हे सदर न चुकता वाचतात, म्हणून येथेच पुन्हा सांगतो: या आठवड्यात जाऊन या.