गहू बायकांचा, हिशेब कोणाचा?

मॉर्मन बायकांवरच्या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखावर बरीच पत्रं आली आणि त्यांनी मला अस्वस्थ केलं. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथातल्या बायकांना त्यांच्या चर्चचा एवढा जाच होतो, तर त्या चर्च सोडत का नाहीत? मॉर्मन असून स्त्रीवादी म्हणवून घेणं हा एका वाचकाला ढोंगीपणा वाटतो. मला हे अजिबात पटत नाही. ज्या घराच्या भिंती आपल्या आज्या-पणज्यांनी लिंपल्या, ते घर बायकांनीच का सोडायचं?

त्या आज्या-पणज्यांचं काम पाहा. 1876 मध्ये मॉर्मन चर्चचे अध्यक्ष ब्रिगॅम यंग यांनी धान्य साठवण्याचं काम एमेलिन वेल्स यांच्यावर सोपवलं. अमेरिकेतल्या यूटाच्या मॉर्मन बायकांनी शेतांतला सरवा वेचला, पैसे जमवून गहू घेतला, कोठारं बांधली. याच वेल्सबाई ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे नियतकालिक चालवत होत्या आणि मताधिकारासाठी लढतही होत्या. 1918 मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकन सरकारने ‘रिलीफ सोसायटी’ या चर्चमधल्या बायकांच्या संघटनेकडून 2 लाख बुशेलांहून जास्त गहू विकत घेतला. त्या पैशाचं व्याज बाळंतिणी आणि बालकांच्या आरोग्यासाठी खर्च झालं.

आता 1970 पाहा. कारभार एकसूत्री करायचा म्हणून चर्चच्या पुरुष नेत्यांनी सोसायटीचा स्वतंत्र पैसा ताब्यात घेतला. वर्षअखेरीस तिचं मासिकही बंद झालं. 1978 मध्ये गव्हाचा निधीसुद्धा चर्चकडे गेला. मी हे पूर्वीही लिहिलंय: धर्मात बाईला किती मान आहे, ते पैशावर कोणाची सही चालते त्यावरून कळतं. अमेरिकेतल्या स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचा प्रचार करणाऱ्या मॉर्मन कार्यकर्त्या सोनिया जॉन्सन यांना 1979 मध्ये बहिष्कृत केलं गेलं. तिजोरी बायकांच्या हातात असती तर ते इतकं सोपं गेलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

आणि ढोंगीपणा कसला? बॉस्टन परिसरातल्या मॉर्मन बायकांना हार्वर्डच्या ग्रंथालयात ‘वुमन्स एक्स्पोनंट’चे जुने अंक सापडले आणि 1974 मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ सुरू केलं. स्त्रीवाद त्यांना घरातच मिळाला होता. मॉर्मन लेखिका-संपादिका लविना फील्डिंग अँडरसन यांना 1993 मध्ये बहिष्कृत केलं, तरी त्या चर्चला जात राहिल्या. 2019 मध्ये त्यांनी पुन्हा सभासद होण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. 2023 मध्ये त्या वारल्या. अशा बाईला ‘सोडून द्या’ म्हणणारा माणूस तिला बाहेर काढणाऱ्यांचंच काम पुढे नेतो.

मॉर्मन कार्यकर्त्या केट केली यांनी बायकांसाठी याजकपद मागितलं, म्हणून 2014 मध्ये त्यांनाही काढलं. बारा वर्षांच्या आसपासच्या मुलाला मिळणारं ते पद बायकांना मिळायलाच हवं. पण त्याच्याही आधी सोसायटीचा पैसा सोसायटीला परत मिळावा. आज तिचा स्थानिक खर्च बिशपच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाच्या, मंजुरीने होतो आणि बिशप फक्त पुरुषच होऊ शकतो.