पॅकेजमध्ये न दिसणारी परिचर्या

गेल्या महिन्यात आतेबहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी एका तालुक्याच्या गावी दोन रात्री थांबले. रुग्णालय लहानसे, खासगी, सरकारी आरोग्य योजनेच्या यादीतले. दुसऱ्या रात्री वॉर्डात बावीस रुग्ण होते आणि ड्यूटीवर दोघीजणी. एक जीएनएम झालेली सिस्टर. दुसरी मुलगी पांढऱ्या गणवेशातली, कामाला चपळ, पण तिच्याकडे नोंदणी नव्हती. चार महिने हाताखाली राहून शिकली होती. साडेअकराच्या सुमारास सिस्टर टेबलाशी बसून योजनेच्या फायली पुऱ्या करत होती. रुग्णाचा खाटेवरचा फोटो, नोंदींच्या प्रती, सह्या, सगळे सकाळी अपलोड व्हायला हवे होते. तेवढ्यात नऊ नंबरच्या खाटेवरचे सलाइन संपले आणि नळीत रक्त चढले. नातेवाइकाने हाक मारली, ती धावत आली, लाइन फ्लश केली, आजोबांच्या कपाळावर हात ठेवला आणि परत फायलींकडे गेली. पहाटे चारला ती टीपीआर चार्ट भरत होती. दोन रात्रींत तिला निवांत जेवताना मी पाहिले नाही.

त्या सिस्टरला मी दोष देणार नाही. तिच्या जागी मी असते तर माझ्या हातूनही तेच झाले असते.

2018 च्या सप्टेंबरात प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार. आपल्या राज्यात ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडली गेली आणि 2023 मध्ये राज्याने हे संरक्षण सर्व कुटुंबांसाठी खुले करण्याचे ठरवले. ही मोठी गोष्ट आहे. गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण ठेवणारी माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची जमीन या योजनेने वाचली. पण योजनेचे पैसे रुग्णालयाला पॅकेजने मिळतात. या ठोक रकमेत नोंदणी, खाट, जेवण, औषधे, शल्यविशारदाची फी असे सगळे येते आणि त्यातच परिचर्याही येते. इम्प्लांटची किंमत मोजता येते, औषधाचे बिल असते. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून दिली, ड्रेन मोजला, घाबरलेल्या बाईजवळ दहा मिनिटे बसले, याचा वेगळा आकडा कुठेच नसतो. दर परवडत नाही म्हणून खर्चाला कात्री लावायची वेळ आली, की ती पहिल्यांदा अशा आकडा नसलेल्या ठिकाणी लागते. तीन सिस्टरच्या दोन होतात, दोनमधली एक बिननोंदणीची होते. योजनेत एनएबीएच मानांकन मिळवणाऱ्या रुग्णालयांना वाढीव दर देण्याची तरतूद झाली, तेव्हा मानांकनासाठी लागणारी बरीचशी कागदपत्रे परिचारिकांच्याच हातून लिहिली गेली. त्या वाढीव दरातले किती त्यांच्या पगारात उतरले, हे वाचकांनी स्वतःच्या पगारपत्रकात पाहावे.

पगाराचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट पुन्हा सांगते. 29 जानेवारी 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीसाठी समिती नेमण्यास सांगितले. समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात पगार राज्य सरकारच्या परिचारिकेइतका असावा आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी तो वीस हजारांखाली नसावा. हे प्रत्यक्षात आणण्याचे काम राज्यांवर सोपवले गेले. आजही आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत वीस हजारांखालचे आकडे असतात, आणि लिहिणाऱ्या भगिनींचा अनुभव एक-दोन वर्षांचा नसतो.

सरकारी आरोग्य सुधारणांची दुसरी बाजू मात्र मला मनापासून आशा देते. माझी एक विद्यार्थिनी आदिवासी भागातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आयुष्मान भारत कार्यक्रमाची पहिली दोन पावले, आरोग्यवर्धिनी केंद्रे आणि वर सांगितलेली जन आरोग्य योजना, एकाच वर्षी पडली. 14 एप्रिल 2018 ला छत्तीसगडमधील जांगला इथे पहिले आरोग्यवर्धिनी केंद्र सुरू झाले आणि त्यातून हे पद देशभर आले. आपल्याकडे त्यावर आयुर्वेद पदवीधर आहेत, तसे बी.एस्सी. नर्सिंग झालेलेही आहेत. आमच्या काळी उपकेंद्र म्हणजे लसीकरण, बाळंतपण आणि कुटुंब नियोजनाचे उद्दिष्ट. या मुलीकडे पायाची जखम घेऊन एक शेतकरी आला. जखम तीन आठवडे भरत नव्हती. मलमपट्टी करून तिने त्याला परत पाठवले नाही. आधी साखर तपासली. ती फार वाढलेली निघाली. ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलून त्याचे उपचार सुरू केले, पायाची काळजी कशी घ्यायची ते त्याच्या बायकोला दाखवले, आणि आशाताईंना दर आठवड्याला त्याच्या घरी जायला सांगितले. तो पाय वाचला. रुग्ण समोर बसला आहे आणि पहिला निर्णय परिचारिकेचा आहे, अशी जागा माझ्या पिढीला नोकरीभर मिळाली नाही.

पण ती जागा कंत्राटी आहे. केंद्राच्या आराखड्यात दरमहा पंचवीस हजार ठरलेले आणि पंधरा हजारांपर्यंत कामगिरीवर. कामगिरी म्हणजे पोर्टलवर चढलेली नोंद. उपकेंद्रात नेटवर्क येत नाही, म्हणून ही मुलगी संध्याकाळी टेकडीवर जाऊन नोंदी भरते. मुदत संपत आली की आदेशाची वाट पाहते. तिची बदली होणार नाही, बढती होणार नाही, आणि प्रसूतीच्या रजेत कामगिरीवरच्या मोबदल्याचे काय, हा प्रश्न तिच्यासमोर असतो. मे 2022 मध्ये राज्यातल्या शासकीय परिचारिका बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून संपावर गेल्या, त्यामागे अशाच कंत्राटी नोकरीची भीती होती.

पुढच्या पिढीची तयारी मात्र जोरात चालली आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली, खर्च 1570 कोटी. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. मुलींनी जावे, शिकावे, चांगले कमवावे. त्यांना अडवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तिकडे त्यांना कायमची नोकरी देऊ केली जाते आणि इकडे काही महिन्यांचे कंत्राट, हे ज्यांनी महाविद्यालये मंजूर केली त्यांनी समोरासमोर ठेवून पाहावे.

2023 चा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायदा 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी आला. ऑगस्टमध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. राष्ट्रीय आयोग, राज्यांचे आयोग, शिक्षण, मूल्यांकन आणि नोंदणीसाठी वेगवेगळी मंडळे, आणि देशभराची एकच नोंदवही, अशी त्याची रचना आहे. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती नोंदवही. बिननोंदणीच्या मुलीला सिस्टर म्हणून उभे करण्याचा रस्ता बंद करायचा असेल तर तो तिथूनच बंद होईल. म्हणून आपली नोंदणी आणि नूतनीकरण कोणीही लांबणीवर टाकू नये. राज्य आयोगावर प्रत्यक्ष वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिका बसल्या पाहिजेत, आणि पॅकेजचे दर ठरवणाऱ्यांपुढे परिचर्येच्या तासांचा हिशेब गेला पाहिजे.

तो हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका हवी; रजेसाठीची जादा संख्या वेगळी. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्या वॉर्डातल्या कोणत्याही एका रात्रीचे तीन आकडे आम्हाला पत्राने कळवा: रुग्ण किती होते, नोंदणी असलेल्या परिचारिका किती होत्या आणि नोंदणी नसलेल्या किती. रुग्णालयाचे नाव नको, तुमचेही नको. फक्त जिल्हा लिहा. आलेले सगळे आकडे पुढच्या अंकात छापू आणि तो अंक आरोग्य खात्याकडे पाठवू.