युरोपच्या तिजोरीला जाब विचारायचा कोणी?

ब्रसेल्समधल्या अर्थसंकल्पाशी भारतातल्या पोलाद कामगाराला काय देणेघेणे, असा प्रश्न आमच्या काही सहकाऱ्यांना पडतो. देणेघेणे आहे, आणि तेही रोखीचे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात येणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर कर्बशुल्क लागू झाले आहे. कागदोपत्री ते तिकडचा आयातदार भरणार. पण कोणताही आयातदार असा बोजा स्वतःच्या डोक्यावर ठेवत नाही. तो भाव पाडून मागतो, कारखानदार नफ्याला हात लावू देत नाही, आणि शेवटी गाडी येऊन थांबते ती कंत्राटी कामगाराच्या रोजावर. या शुल्काचा पाऊण हिस्सा संघाच्या मध्यवर्ती तिजोरीत जावा, असा युरोपीय आयोगाचा प्रस्ताव आहे. ज्या तिजोरीत आपल्या घामाचा वाटा जाणार, तिचा खर्च कसा होतो हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे आम्ही मानतो.

ही तिजोरी केवढी? २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी २०१८ च्या किमतींनुसार सुमारे १ लाख ७ हजार कोटी युरो. आकडा डोळे दिपवणारा असला, तरी सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या तो जेमतेम एक टक्का भरतो. म्हणजे सत्तावीस देशांचे हे राज्य तसे गरीबच आहे. गरिबाच्या घरात पैसा कुठे जातो हे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते.

सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक शेतीचा. या सात वर्षांत सामाईक कृषी धोरणावर सुमारे ३८,७०० कोटी युरो, म्हणजे ढोबळमानाने एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस हाच हिस्सा दोनतृतीयांशाच्या घरात होता आणि गोदामांत लोण्याचे डोंगर साचत होते. शेतकऱ्याला आधार द्यायला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमच्यातले निम्मे लोक शेतकऱ्यांचीच मुले आहेत. पण हे अनुदान बव्हंशी हेक्टरवर मोजले जाते. ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त. थेट अनुदानाचा सुमारे ८० टक्के पैसा २० टक्के लाभार्थ्यांच्या पदरात पडतो, हे आयोगाच्याच आकडेवारीवरून दिसते.

आता दुसरी बाजू पाहा. जागतिकीकरणामुळे काम गेलेल्यांना नवे कौशल्य, नवी नोकरी मिळवून देण्यासाठी २००७ पासून संघाचा एक खास निधी आहे. त्याची वार्षिक मर्यादा आधी ५० कोटी युरो होती. २०२१ पासून ती १८.६ कोटी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्थसंकल्पाची फेरमांडणी करताना ती ३ कोटींवर आणली गेली. कारण काय, तर निधी पुरता वापरला जात नाही! वापरला कसा जाणार? साधारणपणे दोनशे कामगार एकदम बेकार व्हायला हवेत, अर्ज सरकारने करायचा आणि खर्चाचा काही भागही सरकारनेच उचलायचा. न्याय्य बोलायचे तर युरोपीय सामाजिक निधी वेगळा आहे आणि त्यात सात वर्षांसाठी सुमारे ९,९०० कोटी युरो आहेत. पण कारखान्याला टाळे लागल्यावर कामगाराच्या हातात काही पडावे म्हणून जो निधी काढला, त्याचीच अशी रया जावी हे आम्हाला खटकते.

बरे, हिशेब कोण तपासतो? लक्झेंबर्गला १९७७ पासून लेखापरीक्षण न्यायालय आहे. नाव न्यायालयाचे, पण शिक्षा देण्याचा अधिकार नाही. २०२३ च्या खर्चात चुकांचे प्रमाण ५.६ टक्के निघाले. आदल्या वर्षी ते ४.२ टक्के होते. संघाच्या विरोधकांनी लगेच चोरी, चोरी असा ओरडा केला. चूक म्हणजे चोरी नव्हे. नियमात न बसणारा खर्च, अपुरे कागद, चुकीची निविदा हे सर्व त्यात येते. परंतु २०१९ च्या हिशेबापासून पुढे वर्षानुवर्षे खर्चावर प्रतिकूल मत नोंदले जावे आणि कोणाचीही खुर्ची हलू नये, याला काय म्हणायचे?

खुर्ची एकदाच हलली, आणि ती कथा सांगण्यासारखी आहे. पॉल व्हॅन बाउटेनेन हे आयोगातले डच लेखापरीक्षक. आतले गैरव्यवहार वरिष्ठ दडपत आहेत असे दिसल्यावर त्यांनी १९९८ च्या अखेरीस कागदपत्रे संसद सदस्यांकडे दिली. बक्षीस काय मिळाले? निलंबन आणि अर्धा पगार. त्याच डिसेंबरात संसदेने १९९६ च्या हिशेबाला मंजुरी नाकारली. जानेवारीत अविश्वास ठराव मात्र फेटाळला गेला. मग पाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती बसली. तिच्या अहवालात एका आयुक्त बाईंनी आपल्या गावच्या परिचित दंतवैद्याला सल्लागार म्हणून नेमल्याचेही प्रकरण होते. १५ मार्च १९९९ ला अहवाल आला आणि त्याच रात्री अध्यक्ष झाक सांतेर यांच्यासह वीसच्या वीस आयुक्तांनी राजीनामे दिले. एका पगारी नोकराने हे सुरू केले, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्यानंतर फसवणूकविरोधी कार्यालय आले, २०२१ पासून युरोपीय अभियोक्ता कार्यालय आले. डिसेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे ६३० कोटी युरो अडवण्यापर्यंत मजल गेली. पण सरकारांची मिळून जी मंत्रिपरिषद, ती आपल्या खर्चाविषयी संसदेला नीट उत्तरे देत नाही. २००९ च्या हिशेबापासून संसद तिला मंजुरी नाकारत आली आहे आणि परिषद खुशाल आहे. संसद तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? वर्षातून बारा वेळा सारा लवाजमा ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जातो. ही वारी बंद केली तर वर्षाला ११.४ कोटी युरो वाचतील असा लेखापरीक्षकांचा २०१४ चा अंदाज. बेकार कामगारांच्या निधीच्या आजच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट! मात्र ही तरतूद तहात असल्याने सर्व देशांची, म्हणजे फ्रान्सचीही, संमती लागते.

आपल्याकडे सर्व आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगारांसाठी उपकर बसवला. हजारो कोटी जमले, पडून राहिले, आणि त्यातून लॅपटॉप व वॉशिंग मशीन वाटल्याचे वाचून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सरकारांचे कान उपटावे लागले. साइटवर झोपडीत राहणाऱ्या बाईने ते यंत्र कुठल्या नळाला जोडायचे होते, ते देव जाणे.

जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ साठी सुमारे २ लाख कोटी युरोंचा आराखडा मांडला आहे. संरक्षण व अवकाशासाठी १३,१०० कोटी, म्हणजे आधीच्या पाचपट. शेती आणि मागास प्रदेशांचा पैसा एकाच राष्ट्रीय आराखड्यात घालायचा, म्हणजे तो कोणाकडून काढून कोणाला दिला हे शोधणे आणखी कठीण. कर्बशुल्काचे उत्पन्नही याच हिशेबात धरले आहे. सत्तावीस सरकारांचे एकमत आणि संसदेची संमती मिळाल्याशिवाय हा आराखडा अमलात येत नाही, म्हणून बोलायची वेळ हीच आहे. युरोपातल्या कामगार संघटनांशी होणाऱ्या प्रत्येक बैठकीत आपल्या महासंघांनी विषयपत्रिकेवर दोन मागण्या घालाव्यात : भारतासारख्या देशांच्या मालावरच्या कर्बशुल्काचा स्वतंत्र हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा, आणि त्यातला ठरावीक वाटा त्याच देशांतल्या भट्ट्या बदलताना ज्यांची कामे जातील त्या कामगारांसाठी राखून ठेवावा.