सरासरी म्हणजे प्रदेश नव्हे

उपग्रहाने टिपलेली प्रतिमा ही वस्तुतः आकड्यांची जाळी होय. जाळीतील प्रत्येक चौकोनास, म्हणजे चित्रबिंदूस, त्याच्या प्रकाशतीव्रतेनुसार एक अंक दिलेला असतो. बहुधा काळ्यास ० व पांढऱ्यास २५५. प्रतिमेतील एखादा विभाग निवडावयाचा, त्यातील तीव्रतेची सरासरी काढावयाची आणि तीवरून निर्णय द्यावयाचा, ही रीत सोपी असली तरी अपुरी आहे.

तीन विभाग कल्पावेत. पहिल्यात सर्व बिंदूंची तीव्रता १०० आहे. दुसऱ्याचा डावा अर्धा भाग ६० व उजवा १४० आहे. तिसऱ्यात ६० व १४० यांचे बिंदू बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे मांडले आहेत. तिन्हींची सरासरी १०० च. प्रमाण विचलन काढताच पहिला वेगळा पडतो. त्याचे विचलन शून्य, उरलेल्या दोहोंचे ४०. परंतु या दोहोंचे आयतालेखही तंतोतंत सारखेच येतात. भेद आहे तो मांडणीचा. तो मोजण्यासाठी रॉबर्ट हॅरलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली शेजारच्या बिंदूंच्या जोड्या मोजण्यावर आधारलेली पद्धत मांडली. तिसऱ्या विभागात आडव्या शेजाऱ्यांची प्रत्येक जोडी ६० व १४० यांची असते. दुसऱ्यात अशी जोडी केवळ मधल्या सीमेवर आढळते.

हा केवळ गणिती विनोद नव्हे. सर्वत्र मध्यम वाढलेले पीक आणि अर्धे करपलेले, अर्धे जोमदार पीक ही सरासरीत एकरूप दिसू शकतात. ज्याचे शेत करपलेल्या अर्ध्यात आहे, त्या शेतकऱ्यास सरासरीचे समाधान ते काय? १९८८ साली सोडलेल्या भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहावरील एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू भूमीवर सुमारे ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे अर्ध्या हेक्टराहून किंचित मोठा होता. त्याहून लहान शेत शेजाऱ्यांसह एकाच अंकात विरून जाई. पुढील उपग्रहांनी बिंदू लहान केले. यंत्राने एवढ्या श्रमाने वेगळे दाखविलेले गणिताने पुन्हा एकत्र कालवावे, हे उचित नाही.

निर्णय घेणाऱ्यास एकच अंक हवा असतो, असा आक्षेप येईल. तो अंक अवश्य द्यावा. परंतु त्यासोबत तीव्रतेचा विस्तार, तिची मांडणी आणि विभागाची सीमा कशी आखली, हेही सांगितले जावे. सीमा सरकली की सरासरीही सरकते. एवढे सांगितल्याविना दिलेला अंक अचूक असूनही दिशाभूल करू शकतो.