जिद्द, इंजेक्शन आणि भानुमतीताई

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागच्या आठवड्यात धानोऱ्याला गेलो होतो. आमच्या एका भाच्याला टीबी निघालाय (नात्यातल्यांना कळेलच कोण, नाव लिहीत नाही). दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागायला लागली, आणि पठ्ठ्याने गोळ्या बंद केल्या! संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी त्याला धीर द्यायला कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. "एका फुफ्फुसावर गायला तो माणूस. जिद्द पाहिजे, जिद्द!"

मी कुमारांच्या गाण्याचा वेडा आहे, पण त्यांची गोष्ट अशी सांगितलेली मला अजिबात पटत नाही.

१९४७ मध्ये लग्न झालं आणि पाठोपाठ क्षय. कोरड्या हवेसाठी ते देवासला आले, तो दिवस ३० जानेवारी १९४८, गांधीजींची हत्या झाली तोच. मग पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर येत राहिली आणि त्यातून पुढे नवे राग, नव्या बंदिशी झाल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. सांगावंच. 'अनूपरागविलास' चाळून बघा एकदा. पण त्या वर्षांत घर कोण चालवत होतं? भानुमतीताई. स्वतः देवधर मास्तरांकडे शिकलेल्या गायिका. शाळेत नोकरी करायची आणि घरी येऊन नवऱ्याची शुश्रूषा. १९६१ मध्ये बाळंतपणात त्या गेल्या. त्यांचं गाणं किती जणांनी ऐकलंय? असो.

आणि बरं केलं ते स्ट्रेप्टोमायसिनने. १९५२ च्या सुमारास ते मिळालं, १९५३ मध्ये कुमार पुन्हा गायला लागले. जिद्द होतीच हो, पण औषधाच्या आधीही ती तेवढीच होती की!

हे सगळं मी तिथेच बोलून गेलो. वडीलधारे नाराज. "तुम्हा शिकलेल्यांना कशाचंच कौतुक नाही," म्हणाले. काकू मात्र उठून आत गेली. काकांच्या टीबीत हिनेच सगळं निभावलं होतं, तेही गावाला कळू न देता. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं तिने आणून भाच्याच्या मांडीवर ठेवली आणि चुलीकडे वळली. एक शब्द बोलली नाही.

सकाळी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगलेच रागावले. थुंकी पुन्हा तपासायला घेतली आहे. रिपोर्ट अजून यायचाय.