सवलत एसीला, ऊन छपराला

मार्च लागला की फोनवर एकाच चालीचे मेसेज सुरू होतात. जुना एसी द्या, नवा फाइव्ह स्टार न्या, घसघशीत सूट मिळवा, वीज वाचवा, पर्यावरण वाचवा. मी नागपुरात भाड्याने राहते, सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे मे महिन्यात तापलेल्या स्लॅबच्या थेट खाली. माझ्याकडे जुना एसी नाही, त्यामुळे द्यायलाही काही नाही. पर्यावरण वाचवायच्या या कामात माझा नंबर पहिल्याच अटीला कटतो.

माझ्यापुरतं हे विनोदी आहे. गल्लीच्या टोकाला टिनाच्या छपराची घरं आहेत, तिथे ते विनोदी राहत नाही. नवतप्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टिनाखालची खोली बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापते. तिथली माणसं भर दुपारी घरात थांबत नाहीत, कडुलिंबाखाली येऊन बसतात. गारव्याची सगळ्यात जास्त गरज असलेल्या या घरांच्या हाती गारव्याच्या सवलतींमधलं जवळपास काही लागत नाही. ज्यांच्या घरात तो आधीपासून आहे, त्यांना तो आणखी स्वस्तात मिळावा म्हणून मात्र योजना निघतात. माझं भांडण या क्रमाशी आहे.

सवलत कुणाच्या खिशात जाते?

एकेक सवलत घेऊन बघू.

दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत वीज वितरण कंपन्या जुन्या एसीच्या बदल्यात नवा, कमी वीज खाणारा एसी सवलतीत देण्याच्या योजना काढतात. हेतू चांगला आहे. दुपारी आणि रात्री विजेची मागणी एकदम चढते, तेव्हा कंपनीला महागडी वीज घ्यावी लागते. ती मागणी कमी झाली तर फायदा सगळ्यांनाच होतो, हे मला मान्य आहे. पण अशा कार्यक्रमांचा खर्च शेवटी वीजदरातूनच निघतो, आणि वीजदर सगळे भरतात. एक पंखा आणि दोन दिवे लावणारी बाईसुद्धा त्यात चार-दोन पैसे घालते. तिला परत मिळणारा फायदा लांबचा आणि अदृश्य असतो. एसीवाल्याला मिळणारी सूट मात्र पावतीवर छापून येते.

दुसरी सवलत कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ३५ हजार किमतीच्या एसीमागे साडेतीन हजार रुपये वाचले. हे साडेतीन हजार वन स्टारवरही वाचतात आणि फाइव्ह स्टारवरही, कारण कर आकारताना कोणी स्टार मोजत नाही. पंख्यावर आणि कूलरवर १८ टक्के होते, ते १८ टक्केच राहिले. म्हणजे तीस वॉटवर चालणारा पंखा आणि दीड हजार वॉट खेचणारा एसी आता कराच्या एकाच रांगेत उभे आहेत.

तिसरी सवलत सगळ्यात मोठी: पीएम सूर्यघर योजना. २०२४ मध्ये सुरू झाली, तरतूद ७५,०२१ कोटींची, लक्ष्य एक कोटी घरांचं. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठी यंत्रणा बसवली तर ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान. ज्यांच्याकडे हक्काचं, भक्कम छप्पर आहे त्यांच्यासाठी ही योजना खरंच उत्तम आहे. उन्हाळ्यात एसी लावूनही बिल जवळपास शून्यावर येऊ शकतं. पण टिनाच्या खोलीत राहणाऱ्याचं छप्पर पॅनल पेलण्याजोगं नसतं, आणि भाडेकरूचं छप्पर त्याचं नसतं.

तिन्ही योजनांच्या अटी वेगवेगळ्या आहेत, पण तिन्हींची चाळणी सारखीच आहे. आधी तुमच्याकडे काहीतरी असावं लागतं: जुना एसी, नव्या एसीचे पैसे, किंवा स्वतःची गच्ची. ज्याच्याकडे आहे, त्यालाच आणखी मिळतं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. अमेरिकेत घराचं इन्सुलेशन, सोलर, कमी ऊर्जा खाणारी उपकरणं, इलेक्ट्रिक गाड्या यांवर २००६ पासून दिलेल्या आयकर सवलतींचा हिशेब सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. उत्पन्नाच्या उतरंडीतल्या वरच्या २० टक्के लोकांनी सुमारे ६० टक्के सवलत नेली. खालच्या ६० टक्के लोकांना मिळून जेमतेम १० टक्के मिळाली. कारण सोपं आहे. करातून सूट द्यायची तर आधी तेवढा कर भरण्याइतकं उत्पन्न हवं.

मेक्सिकोने हे आधीच करून पाहिलंय

‘गरीब-श्रीमंत सोडा, वीज तर वाचते ना?’ असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मेक्सिकोत सापडतं.

२००९ ते २०१२ या काळात तिथल्या सरकारने जुने फ्रिज आणि एसी बदलण्यासाठी मोठी योजना राबवली. १९ लाख घरांनी जुनं देऊन नवं घेतलं. नंतर डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांची वीजबिलं तपासली. फ्रिज बदललेल्या घरांत विजेचा वापर ८ टक्क्यांनी घटला होता, म्हणजे योजना आखताना जो अंदाज होता त्याच्या साधारण एक चतुर्थांश. आणि एसी बदललेल्या घरांत तो चक्क वाढला होता.

यात लोकांचा लबाडपणा नाही. नवा एसी कमी वीज खातो, म्हणून तो जास्त वेळ चालतो. दोन तास लावायचा तो पाच तास लागतो. आणि ते चूकही नाही, कारण माणसं उकाड्यात शिजत होती, आता झोपतात. पण मग या योजनेला वीजबचत म्हणू नका. तो आरामावरचा सरकारी खर्च आहे. आरामावर सरकारने खर्च करायला माझी ना नाही, फक्त तो कुणाच्या आरामापासून सुरू करायचा हे उघडपणे ठरवू या.

मी एसीच्या विरोधात नाही

हे स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर लगेच ‘आमच्या आजोबांच्या काळी कुठे होता एसी’ ही मंडळी माझ्या बाजूला येऊन बसतील. त्यांनी बसू नये.

हवा शरीरापेक्षा जास्त तापली की पंखा तीच गरम हवा अंगावर फेकतो. कूलर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात राजा असतो, पण जूनमध्ये पहिला पाऊस पडला की त्याची ताटी नुसती चिकचिक वाढवते. मुंबईत आणि कोकणात तर बारा महिने दमट, तिथे तो निकामीच. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३०० हून जास्त मृत्यू झाले. त्यानंतरच, २०१३ मध्ये, त्या शहराने उष्णतेचा सामना करण्याचा आराखडा बनवला. उकाडा जीव घेतो. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार यांच्यासाठी एसी ही चैन नाही.

पण तापलेल्या डब्यात एसी बसवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडत राहतो. एसी त्या स्लॅबशी भांडत बसतो आणि भांडणाचं बिल तुम्ही भरता. म्हणून आधी छप्पर, मग पंखा, मग एसी, असा क्रम हवा. आपण तो उलटा लावलाय.

चुना लावा, पण खरा

छपराला पांढरा रंग दिला की ऊन आत शिरण्याआधीच बरंचसं परत जातं. यात नवं काही नाही. आपल्याकडे लोक उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीला चुना मारतच आले आहेत. अशा छपराखालची खोली साधारण २ ते ५ अंशांनी गार राहते असं सांगितलं जातं. छप्पर कसलं आहे, खोलीत वारा किती खेळतो, यावर ते अवलंबून. रंगावर धूळ बसते, पावसाने तो उतरतो, दर एक-दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. हे सगळं धरूनही एका एसीच्या पैशात अशी कितीतरी छपरं पांढरी होतील.

तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरण आणलं. पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छपरं थंड करायचं लक्ष्य ठेवलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते सक्तीचं आहे, ६०० चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांनाही. त्याहून लहान घरांना मात्र ऐच्छिक. एवढं चांगलं धोरण, तरी सगळ्यात जास्त तापणारं घर त्यात ‘जमलं तर करा’ या रकान्यात गेलं. लहान घरावर सक्ती करू नये, हे बरोबरच आहे. सरकारने स्वतःच्या खर्चाने ती छपरं रंगवून द्यावीत, कारण यासाठी कोणी अर्ज करण्याची गरजच नाही. पल्स पोलिओवाले घरोघरी येतात तसं वॉर्डावॉर्डात फिरायचं, टिन दिसलं की रंगवायचं.

आणि जी घरं सरकारच्या पैशातून बांधली जातात त्यांचं काय? ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. तेवढ्यात माणूस भिंती उभ्या करून वर पत्रा टाकतो, दुसरं काय करणार? छपरासाठी वेगळे काही हजार त्यात घातले, तर ते घर पुढची तीस वर्षं कमी तापेल. गारव्यावर याहून स्वस्त सरकारी खर्च मला सुचत नाही.

बल्ब जमला, पंखा का नाही?

आपल्याला हे जमत नाही असं नाही. २०१५ मध्ये उजाला योजना आली. सरकारने एलईडी बल्ब एकगठ्ठा विकत घेतले. २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ४० रुपयांच्या खाली आला. रोख पैसे नसतील तर वीजबिलातून हप्त्याने घ्या. घर तुमचं का, जुनी वस्तू आणली का, आयकर भरता का, असलं काही नाही. ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले.

त्याच योजनेतून पंखे विकले गेले सुमारे २३ लाख.

पंख्याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी ३० वॉटचा. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला साधारण २० युनिट वाचतात. माझे घरमालक सबमीटर लावून युनिटमागे दहा रुपये घेतात, म्हणजे महिन्याला दोनशे रुपये. तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात फिटतो. तरी लोक दीड हजाराचा जुन्याच धाटणीचा पंखा घेतात, कारण दुकानात उभं असताना खिशात दीडच हजार असतात. अडचण अकलेची नाही, एकरकमी पैशाची आहे. तीच अडचण बल्बच्या वेळी हप्त्याने सोडवली होती.

घर त्यांचं, घाम आपला

हे वाचणारे तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच भाड्याने राहत असतील. पुण्यात फ्लॅट शेअर करून, मुंबईत पीजीत, संभाजीनगरात कॉट बेसिसवर. आपली गोची अशी: छपरावर खर्च करायचा हक्क मालकाला, बिल भरायचं आपण. मालकाला गच्ची रंगवून काही मिळत नाही, कारण उकडतं आपल्याला. आपण रंगवली, तर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि गार खोलीचं भाडं वाढतं.

ही गाठ सवलतीनेच सुटू शकते. सोलर, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांसाठी पुणे महापालिका मालमत्ता करात ५ ते १० टक्के सूट देते. भाड्याने दिलेल्या घराचं छप्पर थंड करणाऱ्या मालकालाही तशी सूट द्या, आणि अट घाला की त्यापायी ठरावीक काळ भाडं वाढवायचं नाही. पंख्याचा हप्ता माणसाच्या नावावर न ठेवता मीटरला जोडा. भाडेकरू बदलला तरी पंखा तिथेच, हप्ताही तिथेच. जो वारा खाईल तो हप्ता भरेल.

एसीच्या सवलती बंद करा असं मी म्हणत नाही. त्यांना रांगेत योग्य जागी उभं करा, एवढंच. जीएसटी स्टार बघून लावा: फाइव्ह स्टार पंख्याला सगळ्यात कमी, वन स्टार एसीला सगळ्यात जास्त. एक्स्चेंजमध्ये जुना पंखा आणि जुना कूलरही घ्या. पीएम सूर्यघरच्या तरतुदीतला एक टक्का म्हणजे सुमारे ७५० कोटी होतात. तेवढी रक्कम दरवर्षी टिनाच्या छपरांवर खर्च करून पाहा, आणि पुढच्या मेमध्ये त्या खोल्यांत थर्मामीटर लावून मोजा.

आपल्यालाही एक काम आहे. महापालिकांच्या निवडणुकांत उमेदवार दारावर येतात, तेव्हा रस्ता, पाणी, पार्किंग विचारून होतं. तिथे आणखी एक प्रश्न घाला: या वॉर्डात पत्र्याची किती घरं आहेत आणि उन्हाळ्याआधी त्यातली किती पांढरी करणार? आकडा सांगता आला नाही, तर पुढच्या उमेदवाराला विचारा.