स्क्रीनवरचे दोस्त आणि पाच किलोमीटरचं अंतर

ज्यांच्याशी नऊ वर्षं जवळजवळ रोज बोलत होतो, त्या तिघांना मी 2023च्या डिसेंबरात पहिल्यांदा पाहिलं. लातूरचे एक निवृत्त गुरुजी, पुण्यात नोकरी करणारा एक तरुण आणि आमच्याच शहरात, सिडकोत राहणाऱ्या एक ताई. ओळख सगळी आंतरजालावरची. जुन्या मराठी कवितेवरून सुरू झालेल्या एका वादात आम्ही एकमेकांना सापडलो होतो. वाद संपला नाही, म्हणून ओळख टिकली.

सुरुवातीला मी खाम नदीच्या नावावरून घेतलेल्या टोपणनावानं लिहायचो. पहिली तीन वर्षं माझं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. लपवायचं नव्हतं, असं म्हणणार होतो; पण खोटं कशाला बोलू, लपवायचंच होतं. मुस्लिम नावाखाली कवितेबद्दल काही लिहिलं की चर्चा कवितेवर राहत नाही, ‘तुमच्यात काय म्हणतात’ यावर येते. टोपणनावानं मला तीन वर्षं फक्त वाचक म्हणून जगू दिलं. मग एका ईदला शिरखुर्म्यावर लिहिलं आणि खाली नाव घातलं. शुभेच्छा भरपूर आल्या. त्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा होतं: ‘अरे वा, तुमचं मराठी किती शुद्ध आहे!’ मराठी लिहिणाऱ्या कुठल्याही मुसलमानाला विचारा, हे कौतुक त्याला पाठ असतं.

अशा भेटींची मराठीला सवय आहे. 1996मध्ये ‘मायबोली’ सुरू झालं आणि जगभर पसरलेली मराठी माणसं आधी तिथं लिहू लागली, मग एकमेकांना भेटू लागली. ‘गेट टुगेदर’चं ‘गटग’ होऊन तो शब्द मराठीत कायमचा राहिला. त्याहून जुनं उदाहरण आपल्या घरचं आहे. 1990मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. गावोगाव एकटे लिहीत बसलेले कितीतरी लोक त्या निमित्तानं एका मांडवाखाली आले. छापील नावाला चेहरा मिळतो तेव्हा काय होतं, हे त्या पिढीनं फोनशिवायच अनुभवलं.

पण आमची गोष्ट वेगळी होती, आणि ती वेगळी असल्याची मला लाज वाटते. गुरुजी लातूरला, तरुण पुण्याला, त्यांची भेट लांबली तर समजू शकतं. सिडकोतल्या ताई आणि मी? माझं घर शहागंजच्या मागं. मध्ये फार तर पाच किलोमीटर. रिक्षानं वीस मिनिटं. नऊ वर्षांत आम्ही एकमेकांची आजारपणं, मुलांचे निकाल, घरातले मृत्यू लिहून कळवले, आणि एकदाही भेटलो नाही. दोघांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

ते विचित्र आहे हे कळलं मार्च 2023मध्ये. फेब्रुवारीत शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी आली होती, आणि आमच्यातलं वातावरण आधीच तापलं होतं. गुरुजी नव्या नावाच्या बाजूनं. माझ्या जिभेवर औरंगाबाद. त्यातच रमजानच्या पहिल्या आठवड्यात, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात दंगल झाली. सहरीच्या वेळी फोन पाहिला तर ताईंचे चार निरोप. ‘घरी आहात ना?’ ‘अम्मी ठीक आहेत ना?’ शेवटचा होता: ‘तुमचं घर नक्की कुठं आहे हेच मला माहीत नाही. किराडपुऱ्यापासून किती लांब?’

मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो. सिडको ज्या भागात आहे, तो मला नकाशावर दाखवता येतो, पण ताईंची गल्ली येत नाही. बावीस वर्षं त्या या शहरात आहेत, आणि शहागंजच्या मागं त्या कधी आल्या नव्हत्या. आपल्याला वाटतं आंतरजालानं पुणे, लातूर, दुबई जवळ आणलं. आमच्या बाबतीत त्यानं फक्त सिडको आणि शहागंज जवळ आणलं होतं, तेही रात्री दोन वाजता, घाबरून.

डिसेंबरात सगळे जमलो ते अशा कर्जाच्या भावनेतून. पाणचक्कीच्या हौदाकाठी आधी कुणाला काही सुचेना. लिहिताना वाघ असलेले गुरुजी प्रत्यक्षात हळू आवाजाचे, किरकोळ अंगाचे निघाले. पुण्याचा तरुण खूप लाजत होता. अम्मीचा फोन आला आणि मी नेहमीसारखं ‘हौ अम्मी, आतोंच’ म्हणालो. तिघं माझ्याकडे बघायला लागले. माझं लिहिलेलं मराठी त्यांना ओळखीचं होतं. माझ्या तोंडातली दखनी त्यांनी पहिल्यांदा ऐकली. मग गुरुजींनीच विषय काढला: वली याच शहराचा. तो 1700 साली दिल्लीला गेला, आणि त्याचा दिवाण दिल्लीत पोहोचला त्यानंतर वीसेक वर्षांनी. तो ऐकून फारसीत लिहिणारे शायर आपल्या बोलीकडे वळले. माणूस आधी, शब्द नंतर. आमचं उलटं झालं होतं. शब्द कधीचे पोहोचले होते, माणसं आत्ता येत होती.

चहा सांगितला आणि गप्पा खुलल्या. अशातच पुण्याचा तरुण अगदी प्रेमानं म्हणाला, ‘खरं सांगू दादा, तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही.’

हे वाक्य स्क्रीनवर आलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. फोन उलटा ठेवला असता. आठवडाभर उत्तर दिलं नसतं. मग एक लांबलचक, धारदार मजकूर लिहिला असता, त्यावर शंभर लोकांनी वाहवा केली असती, आणि तो मुलगा माझ्या आयुष्यातून गेला असता. पण इथं चहा यायचा होता. उठून जाण्यासारखं काही कारण नव्हतं. त्याचा चेहरा समोर होता, आणि त्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. मी म्हणालो, ‘मी त्यांच्यातलाच आहे. तुला ते वाटत नाही, कारण तू त्यांच्यातल्या दुसऱ्या कुणाला भेटलाच नाहीस.’ तो गप्प झाला. ताई मध्ये पडल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. चहा आला. तो म्हणाला, ‘खरंय. शाळेत, कॉलेजात, ऑफिसात, कुणीच नव्हतं.’ माफी त्यानं मागितली नाही, मलाही ती नको होती.

दुपारी सगळे आमच्या घरी जेवायला आले. गुरुजी शाकाहारी. अम्मीनं बगारे बैंगन आणि खट्टी दाल केली होती, आणि त्यासाठी बाजारातून नवं पातेलं आणलं होतं. वाढताना तिनंच सांगितलं, यात कधी गोश्त शिजलेलं नाही. गुरुजी ओशाळले, म्हणाले, ‘अम्मी, एवढी काय जरूर होती?’ अम्मी म्हणाली, ‘जरूरत नै थी, मर्जी थी.’ ताई गच्चीवर जाऊन आल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, ‘इथून सिडकोकडचा रस्ता दिसतो की!’

आता माझं मत सांगतो. आंतरजालावरची मैत्री खोटी असते, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ताईंचे ते चार निरोप खोटे नव्हते. पण ती मैत्री अर्धी असते. अर्धी यासाठी, की तिच्यातून उठून जाणं फार सोपं असतं. बोटानं एक बटण दाबलं की माणूस गायब. समोरासमोर बसल्यावर दुखावणारं वाक्य येतं, तेव्हाही बसून राहावं लागतं, आणि ते बोलणाऱ्यालाही आपण काय बोललो ते ऐकत बसावं लागतं. मनं जुळतात की नाही, तो पुढचा प्रश्न. आधी माणसानं जागेवर थांबायला तर हवं.

आपल्या माणसांनाही एक सांगायचं आहे. ‘ते आपल्याला ओळखत नाहीत’ ही तक्रार आपण रोज करतो, आणि ती खरीही आहे. पण मीही नऊ वर्षं सिडकोला गेलो नव्हतो. ताईंना शहागंज अनोळखी होतं, तसं मला त्यांचं घर. घरं मोहल्ल्यांप्रमाणे वाटली गेली, शाळा वाटल्या गेल्या, बाजारही हळूहळू वाटले जात आहेत. यात आपला दोष किती, त्यांचा किती, सरकारचा किती, यावर पुस्तकं लिहिता येतील. तोवर रिक्षानं वीस मिनिटं लागतात, एवढं लक्षात ठेवू.

या भेटीनं सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. शहराच्या नावावरून गुरुजींचं आणि माझं अजून जमत नाही, जमेल असं वाटतही नाही. फरक एवढाच पडला आहे, की आता ते काही तिखट लिहिणार असले तर आधी फोन करतात. ‘आज भांडणार आहे,’ म्हणतात, ‘अम्मींना सलाम सांग.’ मग भांडतात. ते पातेलं अम्मीनं वेगळं ठेवलं आहे.